जुनी, विचित्र यंत्रं आणि मुक्तस्रोत युनिक्स: तुम्ही कशावर काय चालवलंत?

यंत्रवेडा

मंडळी, कपाट आवरताना चार नग हाती लागलेत. एक पेंटियम-एमवाला लॅपटॉप, एक पॉवरपीसीवाला आयबुक जी-४, पहिल्या पिढीचा रास्पबेरी पाय (मॉडेल बी, २५६ एमबीवाला) आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी मेमरी असलेला एक राउटर. चारही चालू अवस्थेत आहेत. कुठल्याही कामासाठी नको आहेत, कामाला रोजचा लॅपटॉप आहे. प्रत्येकावर काहीतरी मुक्तस्रोत, युनिक्सच्या घराण्यातलं चालवून बघायचं आहे, एवढंच.

थोडं वादग्रस्त मतही मांडून ठेवतो. आजच्या पीसीवर पेनड्राइव्ह लावून लिनक्स टाकणं याला मी प्रयोग मानत नाही. तिथे यूईएफआय आणि एसीपीआय (यंत्र सुरू करणारं फर्मवेअर आणि त्याने दिलेले उपकरणांचे तक्ते) कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, हातात सगळी यादी देतात: मेमरी इतकी, प्रोसेसर इतके, अमुक ठिकाणी तमुक उपकरण. कर्नलने फक्त होकार भरायचा. समोर काय आहे हे कुणीच सांगत नाही आणि तरी कर्नलला उभं राहायचं असतं, मजा तिथे आहे.

तर तुम्ही कशावर काय चालवलं, नेमकं कुठे अडलं, आणि या चारांपैकी एकावरच वेळ घालवायचा तर कशावर घालवाल?

डेमनदादा

राउटरवर. त्याच्यावर लिनक्स आधीच चालू असणार, तुम्हाला फक्त अभिनंदन स्वीकारायचंय. :)

शेलशास्त्री

चांगला धागा. एकेक घेतो.

पेंटियम-एम: डेबियन १३ पासून (ऑगस्ट २०२५) ३२-बिट इंटेलसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद झाले, तेव्हा तो रस्ता विसरा. ओपनबीएसडी, नेटबीएसडी आणि अल्पाइन अजून ३२-बिट देतात. लिनक्सच टाकणार असाल तर एक गंमत माहीत असू द्या. सुरुवातीच्या काही पेंटियम-एम चिपांत पीएई (४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरायची सोय) असतं, पण चिप विचारल्यावर ते असल्याचं सांगत नाही. मग इन्स्टॉलर 'तुमच्या प्रोसेसरवर हे चालणार नाही' म्हणून हात वर करतो. बूट करताना 'फोर्सपीएई' लिहिलं की निमूट चालतं.

आयबुक: इथे ओपनबीएसडी. चालू करताना कमांड-ऑप्शन-ओ-एफ दाबून ओपन फर्मवेअरच्या प्रॉम्प्टवर जायचं आणि सीडीवरून त्यांचा बूटलोडर (कर्नल उचलून चालू करणारा छोटा प्रोग्राम) हाताने हाक मारून उठवायचा. यूएसबीवरून उठवायच्या फंदात पडू नका, सीडी सरळ पडते. वायफायला फर्मवेअर लागतं आणि ते आणायला नेटवर्क लागतं, म्हणून पहिल्या दिवशी केबल हवीच. आधुनिक ब्राउझरचं नाव काढू नका.

पाय: नेटबीएसडी. याचा प्रोसेसर एआरएमव्ही-६ आहे आणि डेबियनचं 'आर्मएचएफ' एआरएमव्ही-७ पासून पुढे सुरू होतं. म्हणूनच तर रास्पबियन वेगळं बांधावं लागलं होतं. नेटबीएसडी मात्र व्ही-६ साठी तयार मिळतं, आणि स्वतः बांधायचं तर त्यांची 'बिल्ड.एसएच' ही एकच स्क्रिप्ट कुठल्याही लिनक्स किंवा मॅकवरून, रूट (प्रशासक) न होता, कंपायलरसकट अख्खी सिस्टीम दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधून देते. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या यादीत आज पन्नासच्या वर यंत्रप्रकार आहेत, त्याचं अर्धं श्रेय मी या स्क्रिप्टला देतो. उरलेलं अर्धं ड्रायव्हर लिहिण्याच्या पद्धतीला. एकच नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वेगवेगळ्या बसवर तसाच चालतो, कारण रजिस्टर कुठे आहेत आणि बाइटांचा क्रम काय हे ड्रायव्हरला कळूच दिलेलं नाही.

राउटर: ४/३२ साठी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सची १९.०७ ही शेवटची मालिका, आणि तीही २०२२ मध्ये संपली. घरातल्या घरात खेळा, बाहेरच्या जाळ्याला लावू नका.

माझं मत आयबुकला.

कोरी_पाटी

बाळबोध प्रश्न, रागावू नका. बीएसडी म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार ना? उबंटू, फेडोरा, तसं?

शेलशास्त्री

@कोरी_पाटी, रागावायचं कशाला. लिनक्स हा फक्त कर्नल. त्याच्याभोवती इतर ठिकाणचे तुकडे जमवून वितरण तयार होतं. बीएसडी मंडळी कर्नल, सी लायब्ररी, 'एलएस'सारख्या आज्ञा आणि मॅन्युअल हे सगळं एकाच झाडात ठेवतात. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या वंशातले ते थेट वारस. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी दोन्ही १९९३चे, ओपनबीएसडी १९९५ मध्ये नेटबीएसडीतून फुटलं, ड्रॅगनफ्लाय २००३ मध्ये फ्रीबीएसडीतून. स्वभाव वेगळे आहेत, त्यावर इथे भांडण नको.

डेमनदादा

भांडण नको म्हणताय आणि धागा बीएसडीचा. जमणार कसं?

मृण्मयी_के

मूळ मताशी असहमत. यंत्रवेडा, तुम्हाला कर्नल उभा राहताना बघायचा आहे ना? मग कपाटातलं काहीच काढू नका. क्यूईएमयू हा इम्युलेटर घ्या, म्हणजे पीसीवरच दुसऱ्या यंत्राचं सोंग आणणारा प्रोग्राम. पॉवरपीसी, स्पार्क, एमआयपीएस, आरआयएससी-व्ही, एस३९०, सगळं एका खिडकीत मिळतं. जीडीबी (प्रोग्राम पायरीपायरीने तपासायचं साधन) जोडून कर्नल अगदी पहिल्या सूचनेवर थांबवता येतो, रजिस्टर बघत पुढे सरकता येतं. खऱ्या आयबुकवर कर्नल काळ्या पडद्यावर मेला तर तुम्हाला काय दिसणार? काळा पडदा.

शिकायचंच असेल तर एमआयटीचं एक्सव्ही-६ वाचावं. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर नव्याने लिहिलेलं आहे, आता आरआयएससी-व्हीवर चालतं, कर्नल दहा हजार ओळींच्या आतला. आठवडाभरात आख्खा डोळ्यांखालून जातो. जुनं यंत्र जुळवण्यात जो वेळ जातो त्यातला बहुतेक केबल शोधण्यात जातो, हे कुणीतरी सांगायला हवं.

अर्धविराम

मृण्मयीताईंशी निम्मा सहमत. एक्सव्ही-६ला +१. पण 'दुसऱ्या' यंत्रावर आपलाच जुना कोड चालवण्यातून जे कळतं ते पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. माझी दोन आवडती उदाहरणं:

सी भाषेत 'चार' हा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही हे मानकाने मोकळं सोडलंय. इंटेलवर धरतो, एआरएम आणि पॉवरपीसीवर लिनक्समध्ये धरत नाही. त्यामुळे 'गेटचार'चं उत्तर 'चार'मध्ये साठवून त्याची फाइलच्या शेवटाशी, म्हणजे उणे एकशी तुलना करणारं लूप इंटेलवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं आणि पायवर कधीच थांबत नाही.

दुसरं म्हणजे 'इंट' आणि 'लाँग'ची गल्लत. ६४-बिट यंत्रावर एखाद्या फंक्शनला 'इंट'चा पत्ता हवा असतो आणि आपण शून्य ठेवलेल्या 'लाँग'चा देतो. लिटल एंडियनवर (आकड्याचा खालचा भाग आधी ठेवणाऱ्या यंत्रावर) खालच्या अर्ध्यात आकडा बसतो, काम भागतं. उलट क्रमाच्या स्पार्क-६४वर तोच आकडा वरच्या अर्ध्यात जाऊन बसतो आणि १ चे ४,२९,४९,६७,२९६ होतात. असा बग इतका ढळढळीत दिसतो की शोधावा लागत नाही.

हे दुखणं फार जुनं आहे. पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या बाहेर युनिक्स न्यायच्या काळात याला 'नक्सी प्रॉब्लेम' नाव पडलं, कारण बाइटांच्या जोड्या उलटल्या की 'युनिक्स'च्या चार इंग्रजी अक्षरांचं 'नक्सी' होतं.

मृण्मयी_के

@अर्धविराम, दोन्ही उदाहरणं क्यूईएमयूवरही तशीच दिसतील. एंडियन क्रम आणि 'चार'चं चिन्ह यासाठी खरं यंत्र लागत नाही. माझा मुद्दा उलट पक्का झाला.

शेलशास्त्री

ताई, तेवढ्यापुरतं मान्य. पण इम्युलेटर काय लपवतो तेही सांगा ना. क्यूईएमयू प्रोसेसरची कॅश (मेमरीची जवळची झटपट प्रत) खरीखुरी उभी करत नाही. डीएमए (उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरणं) सुरू करण्याआधी ड्रायव्हरने कॅश रिकामी करायला हवी होती आणि केली नाही, तर क्यूईएमयूत सगळं गोड चालतं आणि खऱ्या एआरएम बोर्डावर डिस्कवर कचरा लिहिला जातो. तसंच मेमरीच्या क्रमाचं. एआरएम प्रोसेसर लिहिण्या-वाचण्याचा क्रम बराच हलवू शकतो, इंटेल त्यामानाने शिस्तीचा. इंटेल पीसीवर एआरएमचा आभास चालवलात तर यजमानाची शिस्त पाहुण्यालाही लागते आणि लिहायचा राहिलेला बॅरियर (क्रम पाळायला लावणारी सूचना) कधी उघडा पडत नाही.

ओपनबीएसडीवाले म्हणूनच हट्टी आहेत. प्रत्येक यंत्रप्रकाराची आवृत्ती ते त्याच प्रकारच्या खऱ्या यंत्रावर बांधतात, क्रॉस कंपाइल नाही. यंत्र स्वतःला बांधू शकत नसेल तर ते चालतं असं म्हणायचंच नाही, असा हिशेब. व्हॅक्स या जुन्या यंत्रप्रकाराला त्यांनी ५.९ नंतर, २०१६ मध्ये निरोप दिला. एचपीच्या पीए-रिस्कवर स्टॅक (फंक्शनांच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) खालून वर वाढतो, इतर बहुतेक ठिकाणी वरून खाली. स्टॅकबद्दल मनातल्या मनात धरून चाललेली गृहीतकं तिथे एका झटक्यात उघडी पडतात.

मृण्मयी_के

कॅश आणि बॅरियरचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेते. केबलचा मुद्दा मागे घेत नाही.

सोल्डरबहाद्दर

केबलचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण या धाग्यात अजून कुणी सिरियल कन्सोल (यंत्राचा मजकूर दोन-तीन तारांवरून दुसऱ्या संगणकावर दाखवणारी जोडणी) हा शब्द उच्चारला नाही याचं आश्चर्य वाटतंय. 'काळा पडदा' ही तक्रार पडद्याकडे बघत बसणाऱ्यांची असते. पाय असो, राउटर असो, पहिलं काम सिरियल जोडणं. व्हिडिओचा ड्रायव्हर बऱ्याच उशिरा जागा होतो, सिरियलवर कर्नल पहिल्या क्षणापासून बोलतो.

पाय आणि राउटरला ३.३ व्होल्टवाला यूएसबी-टीटीएल अडॅप्टर हवा. जुन्या पीसीच्या मागचं आरएस-२३२ पोर्ट थेट जोडायचं नाही, त्याचे व्होल्ट धन-ऋण पंधरापर्यंत जाऊ शकतात आणि चिप जागच्या जागी जाते. तीनच तारा: ग्राउंडला ग्राउंड, इकडचा टीएक्स (पाठवणारा) तिकडच्या आरएक्सला (ऐकणारा), आणि उलट. अडॅप्टरवर व्होल्टची चौथी पिन असते तिला हात लावू नका, बोर्डाला स्वतःचा पुरवठा आहे. वेग बहुतेक ठिकाणी १,१५,२००. जुनी सन यंत्रं असतील तर ९६००. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर घाबरू नका, वेग चुकलाय. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्स अदलाबदल करा.

राउटरच्या आत बोर्डावर बहुधा चार भोकांची ओळ असते, तीच सिरियल. तिथून बूटलोडरला थांबवायचं आणि नवा कर्नल फ्लॅशवर लिहायच्या आधी टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत) मेमरीत उतरवून चालवून बघायचा. वीज बंद केली की जसं होतं तसं. फ्लॅशवर थेट लिहून यंत्राचा दगड करून घेण्यापेक्षा हे बरं.

यंत्रवेडा, माझं मत पायला. सिरियल सरळ पिनांवर आहे, पेटी उघडायला नको, आणि कितीही बिघडवला तरी कार्ड काढून दुसरं घातलं की काम झालं. मूळ सुरुवात ग्राफिक्स चिप करते. ती कार्डावरच्या फॅट विभागातून फाइली वाचते आणि मग एआरएमला उठवते. म्हणजे बिघडवण्यासारखं बोर्डावर काही नाहीच.

कोरी_पाटी

हे वाचून आत्ता कळलं की टीएक्स टीएक्सला का जोडायचं नाही. एक बोलतो ते दुसऱ्याने ऐकायचं! वाचनखूण साठवली.

मीटरवाला

सगळे रोमांचित झालेले दिसतात म्हणून पाण्याचा हबका मारतो. पेंटियम-४च्या उशिराच्या काही चिपांत एकट्या प्रोसेसरची उष्णता ११५ वॅटपर्यंत होती. पहिला पाय आख्खा मिळून साडेतीन वॅटच्या आसपास. जुनं यंत्र 'पुन्हा उपयोगात आणलं' म्हणून त्यावर चोवीस तास फाइल सर्व्हर चालवणारे लोक मला पर्यावरणप्रेमी वाटत नाहीत. शिवाय २०००च्या दशकाच्या सुरुवातीच्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, वीजपुरवठा जुना असतो, आणि आपण शेजारच्या खोलीत झोपलेलो असतो.

सोल्डरबहाद्दर

मीटरवाले, चोवीस तास चालवायचं कोण म्हणतंय? रविवारी काढायचं, खेळायचं, बंद करायचं. कपॅसिटरचं मात्र शंभर टक्के खरं. जुनं यंत्र पहिल्यांदा चालू करण्याआधी झाकण उघडून बघा. कपॅसिटरचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी काही पाझरलेलं दिसलं तर आधी ते बदला.

जुनी डिस्कही तशीच, आवाज करायला लागली की गेली म्हणायची. आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घालता येतं. ते कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, अडॅप्टरमध्ये जवळजवळ नुसत्या तारा असतात. वीज कमी, आवाज शून्य. स्कझी (डिस्क जोडायची दुसरी जुनी पद्धत) असलेल्या यंत्रांसाठी ब्लूस्कझीसारखे मुक्त प्रकल्प आहेत, तिथे एसडी कार्डच डिस्क असल्याचं सोंग आणतं.

शेलशास्त्री

अवांतर, पण स्कझी आणि सन निघाले म्हणून. जुन्या सन स्पार्क यंत्रांत बॅटरी चिपच्या पोटातच असते. ती संपली की यंत्र स्वतःचा इथरनेट पत्ता आणि ओळख दोन्ही विसरतं, नेटवर्कवर सगळे एफएफ दाखवतं. हौशी लोक चिपचं वरचं आवरण कोरून बाहेरून नाण्यासारखी बॅटरी जोडतात आणि 'ओके' प्रॉम्प्टवर पत्ता हाताने लिहितात. सोल्डरबहाद्दर, तुम्ही केलं असणारच.

सोल्डरबहाद्दर

केलंय. कोरताना हात स्थिर हवा, बाकी अवघड नाही. नाहीतर नवी चिप घालून पत्ता तेवढा लिहावा, निकाल तोच.

सिंधू_न

सगळे जुन्या यंत्रांवर बोलताय, मी फोनवर बोलते. पोस्टमार्केटओएस, २०१७ पासून सुरू असलेला प्रकल्प, मुळाशी अल्पाइन लिनक्स. उद्देश असा की कंपनीने अपडेट थांबवले तरी फोन वापरता यावा.

यात खरी अडचण प्रोसेसरची नसते. फोनबरोबर येणारा कर्नल त्या कंपनीने एका जागी गोठवलेला असतो, वर शेकडो खाजगी बदल, आणि त्यातले बहुतेक कधीच मुख्य लिनक्समध्ये पोचत नाहीत. म्हणून फोनच्या पुढे दोन वाटा. जुना गोठलेला कर्नल वापरा, सगळं थोडंफार चालेल पण भोकं बुजणार नाहीत. किंवा मुख्य कर्नल वापरा आणि मग पडदा, स्पर्श, आवाज, मोडेम असं एकेक जिंकत या. माझ्या फोनवर पडदा, वायफाय, एसएसएच चालतं. आवाजाने बोलणं होत नाही. म्हणजे फोन म्हणून तो निकामी आहे पण खिशातला सर्व्हर म्हणून उत्तम.

यंत्रवेडा म्हणतात तसं इथेही कर्नलला समोर काय आहे हे कुणी सांगत नाही. ते सांगायला डिव्हाइस ट्रीची फाइल लिहावी लागते: अमुक पिनेवर बटण, तमुक पत्त्यावर कॅमेरा. सहा महिने फक्त ती फाइल वाचायला शिकण्यात गेले तरी वाया गेले नाहीत असं म्हणेन.

शेलशास्त्री

सिंधूताईंच्या प्रतिसादाला जोडून. ही डिव्हाइस ट्री कुठून आली माहितीये? आयबुकमधल्या त्याच ओपन फर्मवेअरमधून. सनच्या ओपनबूटपासून आयईईई १२७५ हे मानक १९९४ मध्ये तयार झालं. फर्मवेअर स्वतः उपकरणांचं झाड बांधून कर्नलला द्यायचं. पुढे पॉवरपीसी लिनक्सने ती कल्पना फर्मवेअरपासून सोडवून एका फाइलीत बांधली, आणि तिथून ती एआरएममध्ये आली. आयबुकच्या प्रॉम्प्टवर 'डेव्ह' देऊन झाडात शिरा आणि 'एलएस' म्हणा, आजच्या फोनच्या फाइलीचे आजोबा समोर उभे राहतील. म्हणूनच माझं मत आयबुकला होतं.

बाइटभर

मोठमोठ्या यंत्रांच्या गप्पा झाल्या असतील तर खाली या.

फ्यूझिक्स: झेड-८० सारख्या आठ-बिट प्रोसेसरवर चालणारं युनिक्स. एल्क्स: ८०८६ वर चालणारं सोळा-बिट लिनक्स, फ्लॉपीवरून उठतं. रेट्रोबीएसडी: पीआयसी-३२ या मायक्रोकंट्रोलरवर, १२८ केबी मेमरीत २.११बीएसडी. हे तिन्ही खरोखर वापरता येतात, प्रॉम्प्ट येतो, संपादक चालतो.

आणि मग वेडेपणा. २०१२ मध्ये एका पठ्ठ्याने आठ-बिट एव्हीआर चिपवर एआरएमचा इम्युलेटर लिहून त्यात लिनक्स उठवला, प्रॉम्प्ट यायला सुमारे दोन तास. २०२४ मध्ये त्यानेच इंटेल ४००४ वर तोच खेळ केला. १९७१ची चार-बिटांची चिप! तिच्यावर एमआयपीएस प्रोसेसरचा आभास, त्यावर लिनक्स. उठायला सुमारे पावणेपाच दिवस.

डेमनदादा

आमच्या ऑफिसातला विंडोजचा अपडेट त्याहून थोडाच लवकर होतो. हलके घ्या.

मृण्मयी_के

@बाइटभर, म्हणजे सरतेशेवटी इम्युलेटरच जिंकला. :)

बाइटभर

हरलो.

यंत्रवेडा

धागा भलताच रंगला, सर्वांचे आभार. मीटरवाल्यांचं ऐकून लॅपटॉप आणि राउटर परत कपाटात. पाय आणि आयबुक टेबलावर. एक शंका आहे. बीएसडी अशी जुनी यंत्रं सांभाळत राहतील यावर किती विसंबावं? लिनक्सने मूळ ३८६ च २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत काढून टाकला, ज्याच्यावर १९९१ मध्ये त्याचा जन्म झाला. इटानियम हा इंटेलचा प्रोसेसर ६.७ मध्ये गेला.

अर्धविराम

कर्नलपेक्षा वरच्या गोष्टी आधी तुटतात. पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' लायब्ररीने २०२१ मध्ये रस्ट ही भाषा आणली आणि अल्फा, पीए-रिस्क, ६८००० या जुन्या प्रोसेसरवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण रस्टचा कंपायलर एलएलव्हीएम या कंपायलर-चौकटीवर उभा आणि एलएलव्हीएमला यातले काही प्रोसेसर ठाऊकच नाहीत. डेबियनच्या एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनानेही मे २०२६ नंतर रस्ट अनिवार्य करण्याचं जाहीर केलं. ज्या यंत्रावर रस्ट नाही त्यावर एपीटी नाही, आणि एपीटी नाही तर डेबियन कसलं?

बाइटभर

आणि ते योग्यच आहे. बोटांवर मोजण्याइतक्या लोकांच्या छंदासाठी करोडो यंत्रांवरच्या मेमरीच्या चुका का सहन करायच्या? मी स्वतः छंदिष्ट आहे, तरी म्हणतो.

शेलशास्त्री

करोडो यंत्रांसाठी रस्ट आणा, कोण अडवतंय. पण वेगळ्या यंत्रांमुळे त्या करोडोंचाही फायदा होतो हे विसरू नका. वर अर्धविरामांनी सांगितलेले बग इंटेलवरही बगच असतात, फक्त दिसत नाहीत. २०३८चा प्रश्न घ्या. ३२-बिट यंत्रांवर वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरणार. नेटबीएसडीने ६.० मध्ये (२०१२) आणि ओपनबीएसडीने ५.५ मध्ये (२०१४) सगळ्या यंत्रांवर तो ६४-बिट केला. लिनक्सचा कर्नल ३२-बिटवर ५.६ मध्ये, २०२० साली, पूर्ण तयार झाला. घाई कुणाला होती? ज्यांच्याकडे अशी यंत्रं चालू होती त्यांना.

बाइटभर

बीएसडीवाल्यांनी जुन्या प्रोग्रामांशी सुसंगतता मोडून केलं. लिनक्सला तशी मुभा नव्हती, म्हणून वेळ लागला. तुलना सरळ नाही.

शेलशास्त्री

ओपनबीएसडीपुरतं खरं आहे, त्यांनी मोडली. नेटबीएसडीने जुने प्रोग्राम चालत ठेवून केलं.

सिंधू_न

रस्ट विरुद्ध सी साठी वेगळा धागा काढा, हा छान चाललाय तो मोडू नका.

यंत्रवेडा

अपडेट. दोन्ही उठले.

पायवर नेटबीएसडी सिरियलवरून, सोल्डरबहाद्दरांच्या तीन तारांनी. पहिल्यांदा टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करावी लागली, मग एकदम अक्षरं वाहू लागली. पायला घड्याळ नाही, त्यामुळे पॅकेज आणताना प्रमाणपत्र 'अजून वैधच झालेलं नाही' म्हणून नकार येत होता. एनटीपीने (नेटवर्कवरून) वेळ लावल्यावर निमूट सुरू. /टीएमपी मेमरीत हलवलंय आणि फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं बंद केलंय, कार्ड तेवढंच जास्त टिकेल.

आयबुकवर ओपनबीएसडी सीडीवरून बसलं. डीमेसेज (कर्नल उठतानाची नोंद) पूर्ण वाचला. त्यात शास्त्रीबुवा म्हणतात ते झाड ओळीओळीने दिसतं, कोण कोणाला लटकलंय ते. इन्स्टॉलरपेक्षा ओपन फर्मवेअरच्या त्या पांढऱ्या प्रॉम्प्टवर जास्त वेळ गेला, 'एलएस' करत झाडात हिंडण्यात. एकावरच वेळ घालवायचा तर कशावर या माझ्याच प्रश्नाचं उत्तर आता आयबुक असं देईन. एक्सव्ही-६ही उतरवून घेतलंय, मृण्मयीताई.

अर्धविराम, तुमचं 'गेटचार'चं उदाहरण दोन्हीवर लिहून पाहिलं. दोन्हीवर लूप थांबलं नाही. लॅपटॉपवर थांबलं.

अर्धविराम

वा! आता त्याच लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरला 'अनसाइन्ड-चार'चा पर्याय देऊन बांधा, तिथेही थांबणार नाही.

कोरी_पाटी

माझ्याकडे यातलं एकही यंत्र नाही, फक्त एक बऱ्यापैकी नवा विंडोज लॅपटॉप. मी कुठून सुरू करू?

मृण्मयी_के

क्यूईएमयू आणि एक्सव्ही-६. शास्त्रीबुवा, या वेळी विरोध करू नका.

शेलशास्त्री

नाही करत. पण @कोरी_पाटी, एक्सव्ही-६ झालं की सिम-एच हा इम्युलेटर घेऊन त्यावर पीडीपी-११ आणि २.११बीएसडी उठवा. एकेका प्रोसेसला ६४ केबी, कोड आणि डेटा वेगळे ठेवले तर प्रत्येकी ६४. एवढ्या जागेत लोकांनी टीसीपी/आयपी कसं बसवलं ते बघण्यासारखं आहे. ओव्हरले (कोडचे तुकडे आळीपाळीने त्याच जागेत आणणं) वापरलेत, मॅन्युअलमध्ये सविस्तर आहे.

मीटरवाला

यंत्रवेडा, पुढच्या वेळी आयबुक चालू कराल तेव्हा वॅटमीटर लावून एकदा नुसता प्रॉम्प्टवर आणि एकदा कर्नल कंपाइल करताना, असे दोन आकडे टाका. बॅटरी काढून मोजा, नाहीतर चार्जिंगचे वॅटही त्यातच धरले जातील.